छप्पर फाडून आलेले धन

देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो, असे आपण सहज म्हणून जातो. ते फाटलेले छप्पर मागाहून कोणी शाकारायचे, याबद्दल मात्र ती म्हण गप्प आहे. आकाशातला अशनी खरोखरच घरावर येऊन आदळतो तेव्हा हा प्रश्न समोर उभा राहतो, आणि त्याच्या पाठोपाठ दुसराही : हा दगड कोणाचा?

प्रश्न वाटतो तितका हवेतला नाही. अशनींचा जगात चांगला चालता बाजार आहे. वाळवंटात वेचलेला साधा अशनी त्या बाजारात ग्रॅमच्या हिशेबाने स्वस्तातही मिळतो. पण त्याच जातीचा दगड कोणाच्या छतातून आरपार आला असेल, तर त्याचा भाव कितीतरी चढतो. अशा दगडांना संग्राहकांनी ‘हॅमर’, म्हणजे हातोडा, असे नावच देऊन टाकले आहे. मार खाणारी वस्तूही मग विक्रीला निघते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या क्लॅक्स्टन गावी १९८४ साली एका टपालपेटीवर अशनी पडला. ती मोडकी पेटी २००७ साली लिलावात सुमारे ८३ हजार डॉलरना गेली. न्यूयॉर्क राज्यात पीक्सकिल येथे १९९२ साली १२ किलोंच्या अशनीने एका जुन्या शेव्हरोलेची मागची बाजू चेपली. धड असताना जिला कोणी विचारले नसते, ती मोटार त्या पोच्यामुळे देशोदेशीच्या प्रदर्शनांत मिरवून आली.

माझी उमेद बँकेत गेली. सोन्याच्या तारणावर कर्ज देताना सराफ दागिना तराजूत टाकायचा, खडे आणि लाख वजा करायचा आणि उरलेल्या सोन्याचा भाव सांगायचा. पाटल्या आजेसासूबाईंच्या आहेत, हे समोरची बाई डोळ्यांत पाणी आणून सांगे. पण त्या आठवणीचा एक पैसा हिशेबात धरला जात नसे. अशनीच्या बाजारात नेमके उलटे आहे. तिथे वजनापेक्षा कहाणी भारी. फक्त ती कहाणी कागदोपत्री सिद्ध हवी. कादंबरीकार म्हणून मला याचे कौतुक वाटायला हवे होते. वाटत नाही, कारण जिच्या घरात कहाणी घडते तिच्या पदरात क्वचितच काही पडते.

अलाबामातल्या सिलाकॉगा गावच्या अ‍ॅन हॉजेस यांचेच पाहा. ३० नोव्हेंबर १९५४ रोजी त्या कोचावर डुलकी घेत पडल्या होत्या. जवळजवळ चार किलोंचा अशनी छत फोडून आत आला, रेडिओवर आपटला आणि उसळून त्यांच्या अंगावर पडला. कमरेशी भलेमोठे काळेनिळे वळ उठले. पण घर भाड्याचे. जमीन ज्याची, तिच्यावर पडलेला अशनी त्याचा, असा निवाडा आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ सालीच दिलेला होता. घरमालकिणीने दगडावर हक्क सांगितला. प्रकरण कोर्टात गेले, आणि अखेर ५०० डॉलर घेऊन मालकिणीने हक्क सोडला. तोवर लोकांचे कुतूहल ओसरून गेले होते. गिऱ्हाईक उरले नाही. काही काळ दाराला अडण म्हणून वापरलेला तो दगड १९५६ साली राज्याच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात गेला. पुढे नवराबायको विभक्त झाले, आणि १९७२ साली ऐन पन्नाशीत अ‍ॅनबाई वारल्या. त्याच अशनीचा दुसरा तुकडा एका गरीब शेतकऱ्याला वाटेत सापडला होता. त्याने तो मुकाट्याने विकून घर आणि मोटार घेतली.

इंडोनेशियात सुमात्रा बेटावर शवपेट्या बनवणाऱ्या एका कारागिराच्या घरावर २०२० साली दोन किलोंचा दगड पडला. तो कोट्यधीश झाल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. प्रत्यक्षात त्याच्या हाती सुमारे १४ हजार डॉलर आले. उरले ते नुसते वर्तमानपत्री वैभव.

याउलट इंग्लंडमधल्या विंचकोम येथे २८ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री एका घरापुढच्या वाटेवर अशनी फुटून काळा चुरा पसरला. घरच्यांनी सकाळीच तो पिशव्यांत भरून ठेवला आणि लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाला दिला. पावसात भिजण्याआधी हाती आल्यामुळेच त्यातल्या पाण्याची नीट तपासणी झाली, आणि ते पृथ्वीवरच्या पाण्याशी बरेच मिळतेजुळते निघाले. हाच चुरा पुड्या बांधून विकला गेला असता, तर दिवाणखान्यांतली काचेची कपाटे सजली असती, एवढेच.

आपल्याकडे अशा दगडांची राखण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेकडे आहे. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात अशनींचा पाऊस पडला. त्यातल्या दगडात खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना ब्रिजमनाइट सापडले. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल ज्याची रास आहे, पण जिथवर माणसाचा हात पोचत नाही, ते हे खनिज. काटोलच्या शिवारात ते आपणहून चालून आले.

म्हणून माझे मत असे, की दगड सर्वांचा असावा; पण फुटलेले कौल एकट्या घरवाल्याचे ठरू नये. दगड नेणाऱ्याने त्याच दिवशी पावती द्यावी, आठवड्यात छप्पर दुरुस्त करून द्यावे, योग्य बक्षीस द्यावे आणि संग्रहालयातल्या पाटीवर त्या घराचे नाव लिहावे. देशप्रेमाच्या नावाखाली गरिबाच्या हातून फुकट काढून घेतले, की पुढचा दगड हमखास गुपचूप विकला जातो. त्यात दोष त्या गरिबाचा नव्हे. पावसाळा तोंडावर आला असताना ज्याच्या घराला भगदाड पडले आहे, त्याला विज्ञानाचे महत्त्व पटवायचे, तर आधी शिडी आणि चार कौले घेऊन गेले पाहिजे.