आधी पाय, मग डोके

आमच्या भाईंदरच्या जेसल पार्कात या आठवड्यात एक विज्ञान प्रदर्शन भरले होते. तिथे तो तक्ता पुन्हा भेटला. डावीकडे ओणवे माकड, उजवीकडे भाला पेललेला देखणा गडी. मधल्या मंडळींची डोकी आधी फुगतात, पाठ सरळ होते ती थेट चौथ्या चित्रात. खाली मथळा : ‘बुद्धीने माणसाला उभे केले’. दाढांवरच्या लेखानंतर ‘आता हाडे पुरे’ असे कळवणाऱ्या वाचकांनी माफ करावे, पण हे साफ उलटे आहे आणि मला गप्प बसवत नाही.

आपण आधी उभे राहिलो. डोके वाढायला त्यानंतर वीसेक लाख वर्षे गेली. इथिओपियात 1974 मध्ये सापडलेली 32 लाख वर्षांपूर्वीची ‘लूसी’ आठवा. तिचे कमरेचे आणि गुडघ्याचे हाड चालणाऱ्याचे, मेंदू मात्र चिंपांझीच्या मापाचा. हाडांवर विश्वास नसेल तर ओहोटीला आमच्या चौपाटीवर या. गाळात उतरलेल्या माणसाचे अनवाणी पाऊल नीट बघा. टाच खोल रुतलेली, आतल्या बाजूला कमानीखाली गाळ जवळजवळ तसाच, अंगठा बाकीच्या बोटांच्या ओळीत आणि त्याच्या बुडाशी जोर दिल्याचा खळगा. चिंपांझीच्या पायाचा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला फाकतो. टांझानियात लाएतोली इथे 1978 मध्ये मेरी लीकी यांच्या चमूला ओल्या राखेत उमटून दगड झालेली अशीच पावले मिळाली. वय सुमारे 36 लाख वर्षे. टाच खोल, अंगठा ओळीत. चालणाऱ्यांचा मेंदू आपल्या एक तृतीयांश!

तरीही डोक्याचे कौतुक संपत नाही. हा रोग जुना आहे, आणि तो किती भिनलेला होता ते कळायला दोन कवट्या शेजारी ठेवाव्यात.

पहिली इंग्लंडमधल्या पिल्टडाउनची, 1912 ची. डोके आपल्याएवढे मोठे, जबडा वानराचा. साहेबाला हवा होता तस्साच पूर्वज : आधी बुद्धिमान, बाकीचे सावकाश, आणि वर इंग्रज! पुढे त्याच परिसरातून हत्तीच्या हाडाचे, क्रिकेटच्या बॅटच्या आकाराचे अवजारही निघाले, तरी बहुतेक मोठ्या पंडितांना संशय येईना. 1953 मध्ये भांडे फुटले. कवटी अलीकडच्या माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले आणि सगळ्याला जुनाट दिसेल असा रंग दिलेला.

दुसरी कवटी दक्षिण आफ्रिकेतल्या ताउंगच्या चुनखडीच्या खाणीतली, एका पोराची. रेमंड डार्ट यांनी ती 1925 मध्ये जगापुढे ठेवली. मेंदू लहान. पण मज्जारज्जू जिथून खाली उतरतो ते कवटीचे भोक मागे नव्हते, पुढे सरकून तळाशी आले होते. म्हणजे डोके मानेवर तोललेले, म्हणजे पोर दोन पायांवर चालणारे. पुरावा खरा, पण डोके लहान आणि गावही आफ्रिकेतले. लंडनच्या पंडितांनी वानराचे पिल्लू म्हणून त्याची बोळवण केली. त्यांतले एक, सर आर्थर कीथ, 1947 मध्ये म्हणाले की डार्टच बरोबर होता. खोट्याला 41 वर्षे मान आणि खऱ्याला वीसेक वर्षे वनवास, कारण एवढेच की एकाचे डोके मोठे होते.

आपल्याकडचा हिशेबही बघा. इथून चार स्टेशनांवरच्या कांदिवलीत टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याने ओढ्यालगतच्या थरांतून दगडी हत्यारे जमवली आणि 1939 मध्ये त्यांवर निबंध लिहिला. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरीला हत्यारांसोबत ज्वालामुखीच्या राखेचा थरही आहे. त्या राखेच्या वयावर अभ्यासक अजून भांडतात, पण तिच्यात पाऊल कोणाचे मिळालेले नाही. नर्मदाकाठी हथनोऱ्याला अरुण सोनकियांना 5 डिसेंबर 1982 रोजी सापडली तीही कवटी, आणि तीसुद्धा उजवी बाजूच. मग तिच्यात मेंदू किती मावत असेल यावर वाद, 1155 घनसेंटिमीटर की 1421. तिच्यासोबत पायांची हाडेच मिळाली नाहीत, तर तिच्या पायांबद्दल बोलणार कोण?

आता माझे नेहमीचे फुटपाथपुराण, ज्यांना नको त्यांनी पान उलटावे. ‘बुद्धीने उभे केले’ असे मानणारा समाज पायांची किंमत करत नाही, असे माझे ठाम मत आहे. डोकेबाज मंडळी उड्डाणपूल काढतात, मेट्रो आणतात. आमच्याकडून भाईंदर स्टेशनला पायी निघालेल्या दोन पायांच्या प्राण्याने मात्र रिक्षा, हातगाडी आणि गटाराचे उघडे झाकण यांच्यातून वाट काढायची. 36 लाख वर्षांपूर्वी ओल्या राखेतून जी मंडळी शांतपणे चालत गेली, ती इथे पहिल्याच वळणावर झाडावर परत चढली असती.

फुटपाथ आणि पिल्टडाउन यांचा संबंध काय, पुरावा काय, असे विचारणारी पत्रे येतीलच. जरूर पाठवा. फक्त पत्र टाकायला पायी जाऊन या, मग वाद घालू.