हुंडणावळ उघडी असावी

जुलै-ऑगस्टच्या सुमारास बंगळुरूमधील बँकशाखांत परकीय चलनाच्या मेजापुढे पालकांची वर्दळ वाढू लागते. मल्लेश्वरम, राजाजीनगर, जयनगर या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे त्यांत असतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९८५ मध्ये या शहरात पाय रोवल्यानंतर संगणक व्यवसायाची जी लाट आली, तिच्याबरोबर पुणे, सोलापूर, बेळगावहून आलेली कुटुंबेही असतात. कोणाच्या मुलीचे शुल्क अमेरिकेला जावयाचे असते, तर कोणाच्या मुलाने सिंगापूरहून पाठविलेली रक्कम वडिलांच्या खात्यात अद्याप जमा झालेली नसते. पैसा दोन्ही दिशांनी वाहतो आणि दोन्ही दिशांना तो वाटेत थोडाथोडा झिरपतो. ही झीज नेमकी किती, हे मात्र पाठविणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते.

मुंबईच्या गिरणीतून रत्नागिरीला मनीऑर्डर करणाऱ्या कामगाराला ते ठाऊक असे. टपाल खात्याचा आकार तो वेगळा मोजून देई आणि लिहिलेली रक्कम पुरती घरी पोहोचे. परदेशी पाठविलेल्या पैशाच्या बाबतीत हा साधा हिशेब हरवला आहे, आणि त्याचे कारण विनिमयाच्या दरात दडलेले आहे.

समजा, एका पालकाला दहा हजार डॉलर पाठवावयाचे आहेत आणि त्या दिवशी बाजारातील दर डॉलरला ९० रुपये आहे. बँक त्याला ९१ रुपये ५० पैसे दराने डॉलर विकते. पावतीवर परदेशी प्रेषणाचे शुल्क म्हणून हजार रुपये दिसतात, चलन विनिमयावरील वस्तू व सेवा कराचे सुमारे ९०० रुपये दिसतात. हे दोन आकडे पाहून पालक निर्धास्त होतो. पण दरातील दीड रुपयाच्या अंतराने त्याच्या खिशातून १५ हजार रुपये गेलेले असतात आणि त्यांचा उल्लेख पावतीवर कोठेही नसतो. ‘शुल्क माफ’ अशी जाहिरात करणारी संस्थाही हे अंतर माफ करीत नाही. कित्येकदा ती ते वाढविते. म्हणून शुल्कांची तुलना करणे हा जवळजवळ निरर्थक उद्योग आहे. आज माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील आणि पलीकडे नेमके किती डॉलर पोहोचतील, एवढेच ग्राहकाने विचारावे. दराची पारख करण्यासाठी रुपयाचा संदर्भ दर उपलब्ध असतो. २०१८ पर्यंत तो रिझर्व्ह बँक प्रसिद्ध करीत असे. त्या वर्षीच्या जुलैपासून फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामकाजाच्या प्रत्येक दिवशी तो जाहीर करते. तो दर कोणाही ग्राहकाला त्या भावाने मिळत नाही, हे खरे. परंतु आपल्याला मिळालेला दर त्यापासून किती दूर आहे, हे त्यावरून कळते.

‘पोहोचतील’ या शब्दावर भर देण्यास आणखी एक कारण आहे. १९७३ मध्ये ब्रुसेल्स येथे स्थापन झालेली स्विफ्ट ही यंत्रणा पैसे नेत नाही, केवळ संदेश नेते. पैसे एका बँकेकडून मध्यस्थ बँकेकडे आणि तेथून पुढे असे जातात, आणि मध्यस्थ बँक आपला वाटा त्यातूनच वळता करून घेऊ शकते. दहा हजारांऐवजी ९,९७५ डॉलर जमा झाले की विद्यापीठाच्या दप्तरी विद्यार्थिनीचे शुल्क अपुरे ठरते. पंचवीस डॉलरपायी नोंदणी अडून राहण्याचा मनस्ताप परक्या देशातील एकट्या मुलीला सोसावा लागतो. अर्ज भरतानाच सर्व खर्च पाठविणाऱ्याने सोसण्याचा पर्याय निवडला, तर हा प्रसंग बहुतांशी टळतो. तो पर्याय अर्जावर असतोच. पण तो समजावून सांगणारा मेजामागे असावा लागतो.

उगमस्थानी गोळा होणाऱ्या कराविषयीही गैरसमज फार. उदारीकृत प्रेषण योजना फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा मर्यादा २५ हजार डॉलरची होती. आज निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठविता येते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षभरात १० लाख रुपयांपर्यंतच्या प्रेषणावर हा कर गोळा होत नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून शुल्क भरल्यास तो मुळीच लागत नाही. जो गोळा होतो तो प्राप्तिकराच्या विवरणात जमा धरला जातो. पैसा काही महिने अडकतो, एवढाच त्याचा जाच.

खर्चाची ही धूसरता ग्राहकाला एका वेगळ्याच वाटेने नेते, आणि ती वाट बंगळुरूमध्ये चांगलीच रुळलेली आहे. एका घरचा मुलगा अमेरिकेत कमावता असतो आणि त्याला आई-वडिलांकडे रुपये पाठवावयाचे असतात. दुसऱ्या घरच्या मुलीला तेथेच डॉलर हवे असतात. मग दोन्ही घरे आपसांत ठरवितात. तिकडे त्याने हिला डॉलर द्यावेत, इकडे हिच्या वडिलांनी त्याच्या वडिलांना रुपये द्यावेत. बँक नको, शुल्क नको, दोघांनाही मधला दर. व्यवहार सचोटीचा, माणसे सज्जन, आणि तरीही तो परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या विरुद्ध. १ जून २००० पासून अमलात असलेल्या या कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार, परदेशस्थ व्यक्तीच्या वतीने अधिकृत विक्रेत्याखेरीज अन्य मार्गाने रक्कम स्वीकारणे निषिद्ध आहे. तेराव्या कलमाखाली दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. पुढे त्याच रुपयांतून घर घेतले आणि पैशाचा उगम विचारला गेला, तर दाखविण्यास एक कागदही नसतो.

गंमत अशी की ही कल्पना मुळात वाईट नाही. पेशवाईत पुण्याच्या पेढीवरील हुंडी काशीत वटत असे ती याच तत्त्वावर. नाणी जागची हलत नसत, दोन ठिकाणची देणी-घेणी एकमेकांत फिटत. त्या सोयीचा मोबदला म्हणजे हुंडणावळ. तो आधी ठरे आणि मगच हुंडी लिहिली जाई. लंडनमधील दोन एस्टोनियन मित्रांनी, एकाला पौंड व दुसऱ्याला युरो हवे होते म्हणून, आपसांत बाजारभावाने अदलाबदल केली आणि त्यातून २०११ मध्ये ‘ट्रान्सफरवाइज’ ही कंपनी उभी राहिली. दर बाजारातला आणि मोबदला वेगळा, उघड लिहिलेला, हेच तिचे भांडवल होते. सज्जन ग्राहक कायदा मोडतो तेव्हा दोष त्याचा आहेच. परंतु आपली हुंडणावळ झाकून ठेवणाऱ्या बँकांनी त्याला त्या वाटेवर ढकलले, हेही मान्य केले पाहिजे.

कायद्याच्या चौकटीत स्वस्त मार्ग नाहीत असे नाही. ५ ऑगस्ट २०१९ रोजी क्लिअरिंग कॉर्पोरेशनने ‘एफएक्स-रिटेल’ हा मंच सुरू केला. त्यावर किरकोळ ग्राहक आपल्या बँकेमार्फत नोंदणी करून डॉलरची खरेदी-विक्री बाजारात उलगडणाऱ्या दराने करू शकतो, आणि बँकेने आपले शुल्क आधी ठरवून जाहीर करावे, अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा आहे. वरच्या उदाहरणातील पालकासाठी याहून नेमकी सोय दुसरी नसेल. तथापि वर्षानुवर्षे व्यवहार करणाऱ्या ग्राहकांपैकी कितीजणांना या मंचाचे नाव ठाऊक आहे? ज्या व्यवहारात बँकेचा नफा घटतो त्याची माहिती शाखेत सहसा आपण होऊन दिली जात नाही, हे कटू असले तरी सत्य आहे. मोठे उद्योग दूरध्वनीवरून घासाघीस करून दर मिळवितात. घासाघीस न येणाऱ्या शिक्षकाला किंवा निवृत्तिवेतनधारकाला फळ्यावरचा दर पडतो. ही विषमता भूषणावह नव्हे.

आवक पैशाचे चित्र किंचित बरे आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये भारतात ११८.७ अब्ज डॉलर परदेशस्थांकडून आले. त्यांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के आणि कर्नाटकाचा ७.७ टक्के होता; देशवार पाहता सर्वांत मोठा ओघ आता अमेरिकेतून येतो. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी आपली यूपीआय आणि सिंगापूरची पे-नाऊ या दोन व्यवस्था जोडल्या गेल्या, तेव्हापासून तेथील मुलाने मोबाइल क्रमांकावर पाठविलेली रक्कम क्षणार्धात येथील खात्यात येऊ शकते. दिवसाला ६० हजार रुपयांची मर्यादा आहे, पण घरखर्चासाठी ती पुरेशी ठरावी. अमेरिकेतील मुलांना एक सूचना अवश्य द्यावी. १ जानेवारी २०२६ पासून तेथे रोख रक्कम वा मनीऑर्डरने बाहेर पाठविलेल्या पैशावर एक टक्का कर लागतो, बँक खात्यातून पाठविलेल्या पैशावर लागत नाही. दुकानात जाऊन रोखीने पैसे पाठविण्याची जुनी सवय असेल, तर ती सोडण्यास हे कारण पुरे.

संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत स्थलांतरितांच्या प्रेषणाचा खर्च तीन टक्क्यांच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी न्यूयॉर्ककडे पाहण्याची गरज नाही. शाखेतील परकीय चलनाच्या फळ्यावर आज खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन दर लिहिलेले असतात. त्यांच्या शेजारी त्या दिवसाचा संदर्भ दर तिसऱ्या रकान्यात लिहावा, आणि पावतीवर दोहोंतील अंतराची रक्कम रुपयांत छापावी. या कामाला नवे यंत्र लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. येत्या जुलैत पालकांची रांग लागण्यापूर्वी ते होऊ शकते.