पॅथॉलॉजिस्टचे नाव दर्शनी भागात लावा



आमच्या कुर्ल्यातल्या बहुतेक खासगी रुग्णालयांच्या पाटीवर सर्जन, भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ यांची नावे पदव्यांसह वाचायला मिळतात. काउंटरवर कॅशलेस चालणाऱ्या विमा कंपन्यांची यादी असते. नसते ते एकच नाव: ज्याच्या सहीच्या रिपोर्टवर पुढचे उपचार ठरतात त्या पॅथॉलॉजिस्टचे. ते नाव, पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विमा कंपन्यांच्या यादीशेजारीच लावला पाहिजे, असे माझे ठाम म्हणणे आहे.

विम्याचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध थेट आहे. गंभीर आजाराच्या पॉलिसीत कर्करोगाची जी प्रमाणित व्याख्या विमा नियामकाने घालून दिली आहे, तिच्यात निदानाला पेशीतपासणीचा पुरावा हवा, अशी अट आहे. म्हणजे लाखो रुपयांचा दावा पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली काय पाहिले यावर उभा राहतो. पण त्याच नियामकाच्या व्याख्येनुसार मुंबईसारख्या शहरात ‘रुग्णालय’ म्हणवून घ्यायला नोंदणी नसेल तर किमान १५ खाटा, चोवीस तास डॉक्टर व परिचारिका, शस्त्रक्रियागृह आणि रोजच्या नोंदी लागतात. पॅथॉलॉजिस्टचा त्यात उल्लेखही नाही. ज्याच्या कागदावर पैसे मिळतात किंवा नाकारले जातात, त्याची चौकशी दावा येईपर्यंत कुणीच करायची नाही, ही पद्धत मला मान्य नाही.

सहीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. गुजरातमधील प्रकरणात १२ डिसेंबर २०१७ रोजी न्यायालयाने सांगितले की, प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच सही करावी. पुढे केंद्राच्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायद्याखाली लॅबच्या निकषांत बदल झाले. मात्र २०१०चा तो कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही. आपल्याकडे १९४९चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे, तो रुग्णालयांपुरता. गल्लीतल्या स्वतंत्र लॅबला तो लागू होत नाही आणि लॅबच्या गुणवत्तेचे एनएबीएल प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. रुग्णालय नमुना बाहेरच्या लॅबला देते, तेव्हा तो नेमका या मोकळ्या जागेत जाऊन पडतो.

यात तंत्रज्ञांवर आरोप नाही. डीएमएलटी झालेली मुले रात्रपाळीत नमुने घेतात, यंत्रे सांभाळतात. त्यांच्याशिवाय एकही लॅब चालणार नाही. पण गाठ साधी की कर्करोगाची, हा निर्णय वैद्यकीय आहे आणि त्याची जबाबदारी डॉक्टरनेच घ्यायला हवी. पॅथॉलॉजिस्ट कमी आहेत, ही अडचण खरी आहे. म्हणून एक डॉक्टर चार लॅबचे काम पाहत असेल, तर तसे लिहावे. न पाहिलेल्या रिपोर्टवर स्कॅन केलेली सही उमटवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता पैशांचे. पित्ताशय काढले की ते फॉर्मॅलिनमध्ये घालून तपासणीला जाते. रुग्णाला डिस्चार्ज मिळतो आणि कॅशलेसचे बिल मिटते. विमा नियामकाच्या २९ मे २०२४च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची अंतिम मंजुरी विमा कंपनीने तीन तासांत द्यायची असते. रिपोर्ट मात्र काही दिवसांनी येतो. तपासणी बाहेर झाली असेल तर तिची पावती वेगळी, बहुधा रोखीची. आरोग्य संजीवनी पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंतचा असा खर्च मागता येतो, पण त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी, पावती आणि नीट सही असलेला रिपोर्ट लागतो. दाखल होतानाच ‘ही तपासणी कॅशलेसमध्ये धरली आहे का, नमुना कुठे जाणार, सही कोणाची’ हे लेखी कळले, तर घरच्यांची धावाधाव वाचेल.

पदव्या सामान्य माणसाला कळत नाहीत, हा युक्तिवाद मला पटत नाही. क्रमांक असला की कोणीही तो परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळू शकतो. शिवाय ही मागणी नवी नाही. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर आणि पावतीवर दाखवावा, असे २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेतच म्हटले आहे. पॅथॉलॉजिस्टही डॉक्टरच असतो.

मुंबईत नर्सिंग होमची नोंदणी महापालिकेकडे असते. एल विभागाच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी कुर्ल्यातल्या रुग्णालयांना असा फलक लावायला सांगावे आणि नूतनीकरणाच्या वेळी तो तपासावा. विमा कंपन्यांनीही रुग्णालयाला कॅशलेस यादीत घेताना पॅथॉलॉजिस्टचे नाव व क्रमांक मागून घ्यावा. वाचकांना एवढीच विनंती: दाखल होताना तपासणीबद्दलचे वरचे तीन प्रश्न जरूर विचारा आणि दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात दाद लागली नाही, तर सांताक्रूझला एस. व्ही. रोडवर विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही.

– एक वाचक, नेहरूनगर, कुर्ला (पूर्व)