साठ टक्क्यांची चाळणी

कॅम्पसचा हंगाम आला की आपल्यापैकी अनेकांना एचआरचा निरोप येतो: शनिवारी पॅनेलवर बसायचंय. दिवसभरात वीस-पंचवीस मुलं, प्रत्येकाला वीस मिनिटं. आपण तिथे जातो आणि दहा वर्षांपूर्वी आपल्याला विचारलेलेच प्रश्न विचारतो. लिंक्ड लिस्ट उलटी कर. ओव्हरलोडिंग आणि ओव्हररायडिंगमधला फरक सांग. उत्तरं मुलांना पाठ असतात, आपल्यालाही.

चाळणी तर आधीच लागलेली असते. दहावी, बारावी, पदवी, तिन्हीकडे ६० टक्के, बॅकलॉग नको, शिक्षणात खंड नको. चांगला डेव्हलपर यातून सापडतो म्हणून ही अट आलेली नाही. हजारो अर्ज आले की कुणाला तरी गाळावं लागतं, आणि एक्सेलमध्ये गाळायला टक्के सर्वांत सोपे. निदान आपापसात तरी हे कबूल करू.

२००७ साली इम्रान घोरी यांनी ‘फिझबझ’ सुचवलं. १ ते १०० आकडे छापायचे. तिनाने भाग जाईल तिथे ‘फिझ’, पाचाने जाईल तिथे ‘बझ’, दोन्हींनी जाईल तिथे ‘फिझबझ’. समोरच्याला साधा लूप लिहिता येतो का, एवढंच त्यातून पाहायचं होतं. आज आपण फ्रेशरला डायनॅमिक प्रोग्रामिंगची कोडी घालतो. रुजू झाल्यावर मात्र त्याच्या वाट्याला येतो तो दुसऱ्याने लिहिलेला कोड, आणि लिहिणारा बहुधा नोकरी सोडून गेलेला.

गेल्या वर्षी एका पॅनेलवर मी कोडी बाजूला ठेवली. मासिक बिलं काढणारा दोनशे ओळींचा जुना प्रोग्राम दिला. महिन्याच्या शेवटच्या दिवसाचे व्यवहार तो गाळत होता. बहुतेकांनी लगेच ओळी बदलायला घेतल्या. एका मुलीने विचारलं, “सर, आधी चालवून बघू का?” तारखा बदलत तिने तो तीनदा चालवला आणि म्हणाली, “३१ तारीख म्हणजे ३१ सुरू होतानाचे बारा धरलेत. पुढचा अख्खा दिवस बाहेर राहतोय.” ही मुलगी एम-थ्री या गणिताच्या पेपरात दोनदा अडकलेली, पदवीला ५८ टक्के. यादीत आली ती तिच्या प्राध्यापकांनी आग्रह धरला म्हणून.

पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींवरचं जुनं संशोधन पुन्हा तपासलं. पुढे माणूस कसं काम करील याचा अंदाज देण्यात सर्वांत वर आली ती आखीव मुलाखत: सगळ्यांना तेच प्रश्न, गुणांची पट्टी आधीच ठरलेली. आपल्याकडे चहाच्या आधीच्या उमेदवाराला एक न्याय, नंतरच्याला दुसरा.

घरी सोडवायला दिलेला कोड मुलाने लिहिला की एआयने, याचा तपास आता सोडून द्यावा. समोर बसवून त्यातली एक अट बदलायला सांगावी. काय ते पाच मिनिटांत कळतं. आणि इंग्रजीत अडखळत असेल, तर पॅनेलवरच्या मराठी माणसाने “मराठीत सांग” म्हणायला काय हरकत आहे?

पुढच्या अंकापासून असे शंभर-दोनशे ओळींचे बिघडलेले प्रोग्राम, गुणांच्या पट्टीसह, आम्ही छापणार आहोत. तुमच्याकडचे जुने बग पाठवा. ग्राहकाचं नाव तेवढं आधी काढा.