पौर्णिमा, पंचांग आणि जाळ्याचा आस

होड्या १ ऑगस्टला सोडायच्या की नारळी पौर्णिमेला, हा वाद कोकण किनाऱ्यावर पावसाइतकाच नेमाने येतो. पौर्णिमेच्या बाजूने भावना आहे, पण हिशेब नाही. २०२५ साली ती ८ ऑगस्टला आली, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे थेट ३० ऑगस्टला. तीन आठवड्यांचा हा फरक चंद्राचा आहे. बांगड्याला अधिक मास कळत नाही. सागराला नारळ वाहण्यामागे खवळलेल्या पाण्यात माणसं जाऊ नयेत ही काळजी होती, आणि १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या सरकारी बंदीतही तिचा मोठा वाटा आहे. म्हणून माझं म्हणणं असं, की मासळी वाचवायची तर तारखेवर भांडण्यापेक्षा बंदी उठल्यानंतरचे दोन-तीन महिने सांभाळायला हवेत.

कारण समुद्राचं खरं पीक तेव्हाच उभं राहतं. पावसाळी वाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यावरचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं थंड, सकस पाणी वर येतं. केरळ-कर्नाटकाकडे हे जोरात घडतं, आपल्याकडे जरा कमी, पण आपल्या खाड्या सह्याद्रीची माती आणून भर घालतात. त्यावर प्लवक माजतं आणि प्लवकावर बांगडा-तारली पोसली जाते. बांगड्याची वीण पावसाळाभर चालू असते, तेव्हा ऑगस्टमध्ये बारीक आसाचं, म्हणजे लहान भोकांचं जाळं पडलं की त्यात यंदाची पिल्लंही येणारच. बोंबील तर वर्षातला बराच काळ अंडी घालतो. त्याला ६१ दिवसांचं कुंपण पुरेल कसं?

आस मोठा करा म्हटलं की डोलवाले विचारतात, मग जवळा कुठून येणार? प्रश्न रास्त आहे. डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं, आणि त्याच्या बारीक शेपटीत जवळ्यासोबत सरंग्याची, म्हणजे पापलेटाची पिल्लंही अडकतात. पण ही ओढ उधाणाला जोराची, भांगाला मंद. पिल्लं दाटतात त्या जागी मोजक्या उधाणांपुरती डोल उचलली, तर वर्षाचा जवळा बुडत नाही. बुडालेल्या दिवसांची भरपाई मात्र सरकारने द्यावी. नाहीतर हा त्याग गरिबाच्याच चुलीवर शिजेल.

दुसरा आक्षेप अधिक कडू आहे: आम्ही थांबलो तर पर्ससीनची मोठी घेरजाळी टाकणारे ओरबाडून नेतील. वास्तविक २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा आहे, आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे. कागद भरपूर आहेत, गस्तीच्या बोटी पुरत नाहीत. पण सगळी तपासणी खोल समुद्रातच कशाला? राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं, हा मान जरा महागातला म्हणायचा! ही लांबी मोजायला गस्तीचं जहाज लागत नाही, लिलावाच्या टोपलीशेजारी एक पट्टी पुरते. आणि ती पट्टी नाखव्याच्या आधी तळहाताएवढ्या पापलेटाला 'थाळी साइझ' म्हणत चढा भाव देणाऱ्या हॉटेलवाल्याच्या हाती द्यायला हवी.