बेण्याइतकी तरी चौकशी करा



ऊस लावायचा म्हटलं की आपण किती चौकशा करतो! बेणं कुणाच्या मळ्यातलं, किती महिन्यांचं, काणी किंवा गवताळ वाढ तर नाही ना, को ८६०३२ घ्यावं की फुले २६५, आपली जमीन चोपण आहे की निचऱ्याची, उन्हाळ्यात पाणी पुरेल की नाही. शेतकी मदतनिसाला विचारतो, बांधाला बांध असलेल्याला विचारतो, आणि एवढं करूनही नवी जात पहिल्या वर्षी एका तुकड्यातच लावून पाहतो. वर्षा-दीड वर्षाच्या पिकासाठी ही पारख! आणि ज्याच्यावर पोराला पुढची पस्तीस-चाळीस वर्षं जगायचं, त्या कोर्सची चौकशी मात्र बसस्टँडवरचा फलक वाचून संपते. "अमक्याचं पोट्टं कॉम्प्युटरला गेलं, आपलंबी जाऊ द्या ना बाप्पा," एवढ्यावर निकाल लागतो. हे बरं नव्हे, आणि त्यावरच आज चार शब्द लिहायचे आहेत.

पूर्वीची अडचण निराळी होती. आपल्या जिल्ह्यातल्या पोराला इंजिनियर व्हायचं तर अमरावती, नागपूर नाहीतर त्याहून लांबचं गाव गाठावं लागे, आणि तिथं जागा मोजक्या. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. त्याच वर्षी पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. पुढे १९९६ साली यवतमाळला जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय आलं. उमरखेडकडच्या पोरांना तर पैनगंगा ओलांडली की नांदेडचं श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय, १९८१ सालापासूनचं, जवळच आहे. दारं उघडली, ही गोष्ट चांगलीच झाली.

आता अडचण नेमकी उलटी आहे. दारं इतकी झाली की कोणत्या दारानं जावं तेच उमगत नाही. कॉम्प्युटर, आयटी, एआय, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, रोबोटिक्स. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून एका शाखेत किती जागा असाव्यात याची वरची मर्यादा काढून टाकली. ज्या शाखेला मागणी, तिच्या जागा वाढवायला मोकळीक मिळाली. जागा वाढल्या म्हणून शिकवणारे मास्तर आणि प्रयोगशाळा तेवढ्याच वाढल्या, असं कोणी समजू नये. पाटी नवी आणि दुकान जुनंच, असंही असू शकतं. ते पाहणं आपलं काम आहे.

सगळे एकाच वाटेनं गेले की काय होतं, हे महाराष्ट्रानं एकदा भोगलं आहे. डी.एड.ची आठवण काढा. दोन वर्षं काढली की जिल्हा परिषदेची नोकरी, असा हिशेब गावोगाव मांडला गेला. कॉलेजं निघाली, पोरापोरींनी प्रवेश घेतले, बापांनी कर्जं काढली. मग २०१२ साली शिक्षक भरतीवर बंदी आली. २०१७ साली पवित्र पोर्टल निघेपर्यंत पोरं वाटच पाहत बसली, आणि त्यानंतरही भरती रखडतच झाली. पोरं हुशार नव्हती असं नाही. सगळ्यांनी एकच बेणं लावलं आणि उचल करणारा गिऱ्हाईक एकच होता, तोही थांबला. कॉम्प्युटरचं अगदी तसंच होईल असं माझं म्हणणं नाही, कारण तिथं गिऱ्हाईक पुष्कळ आहेत. पण २०२५ च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सीसारख्या मोठ्या कंपनीनं सुमारे बारा हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, हेही ध्यानात असू द्यावं.

तेव्हा चौकशी कशी करावी? माझं मत असं, की ती बापानं नव्हे, एजंटानं तर मुळीच नव्हे, ज्याला शिकायचं त्या पोरानं किंवा पोरीनं स्वतः करावी. बापानं फक्त प्रश्न विचारावेत. दोनशे पानी वही घ्यावी. प्रत्येक कोर्सला एक पान आणि पानावर पाच रकाने.

पहिला रकाना, काम काय. नोकरीचं नाव नको, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तो माणूस काय करतो ते लिहा. "सॉफ्टवेअर" हे उत्तर नव्हे. प्रोग्राम लिहितो, की दुसऱ्याच्या लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधतो, की गिऱ्हाइकाचे फोन घेतो? तिन्ही कामं वेगळी, पगारही वेगळे.

दुसरा रकाना, एकूण खर्च. पहिल्या वर्षाची फी विचारून गप्प बसू नका. फी, खोली, खानावळ, येणं-जाणं, सगळं धरून सगळ्या वर्षांची बेरीज करा आणि तिचे टन करा. समजा, चार वर्षांच्या कोर्सला वर्षाकाठी फी एक लाख आणि राहणं-खाणं ऐंशी हजार. झाले सात लाख वीस हजार. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला अडीच हजार हाती आले असं धरलं, तर हा २८८ टन ऊस झाला. यात खत, मजुरी, पाणी धरलेलंच नाही. दुसरीकडे जवळच्या गावी तीन वर्षांचा डिप्लोमा, सगळं धरून वर्षाला साठ हजार, म्हणजे एक लाख ऐंशी हजार, म्हणजे ७२ टन. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. २८८ टनाचं वाईट आणि ७२ टनाचं चांगलं असंही नाही. पण किती टनाचा डाव आपण लावतो आहोत, हे घरात सगळ्यांना ठाऊक असावं.

वेळेचंही पाहावं. फी भरायची जुलै-ऑगस्टात, आणि तेव्हा कारखान्याचं धुराडं थंड असतं. उसाचं बिल निघणार हंगामात. मधल्या चार महिन्यांत सावकार गाठला की व्याजानं कोर्स महाग पडतो. म्हणून बँकेच्या शैक्षणिक कर्जाचे कागद उन्हाळ्यातच तयार ठेवावेत.

खासगी कॉलेजची फी किती असावी हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. २०१५ चा कायदा तसा आहे. कॉलेजनं सांगितलेला आकडा प्राधिकरणाच्या आकड्याशी ताडून घ्या. मुलींच्या बापांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन भरतं. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ही सवलत नाही. अल्पभूधारकांच्या मुलांना राहण्या-खाण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिचीही चौकशी करावी. "पोरीला शिकवायला परवडत नाही" हे वाक्य आता आधी तपासून मगच बोलावं.

तिसरा रकाना, मागच्या तुकड्या कुठं आहेत. जाहिरातीत एका पोराचा फोटो असतो आणि खाली बारा लाखाचं पॅकेज. सगळ्या गटात एकानं एकरी शंभर टन काढला म्हणून गटाचा उतारा शंभर म्हणत नाहीत. विचारायचं ते असं, की साठ पोरं भरती झाली, त्यातली वेळेत पास किती झाली, नोकरीला किती लागली, आणि पगारानं रांगेत उभी केली तर मधल्या पोराचा पगार किती? हे गुपित नाही. केंद्र सरकार २०१६ पासून शिक्षण संस्थांची क्रमवारी काढतं, तिला एनआयआरएफ म्हणतात. त्यात भाग घेणाऱ्या संस्थांना पास झालेली मुलं, नोकरी लागलेली मुलं आणि मधला पगार हे आकडे द्यावे लागतात, ते मोबाईलवर पाहता येतात. एखाद्या कॉलेजनं त्यात भागच घेतला नसेल, तर का नाही, ते तिथं जाऊन विचारावं.

चौथा रकाना, शिडी. दहावीनंतर आयटीआयला गेलेलं पोरगं "वाया गेलं" असं आपल्याकडे बोलतात. चुकीचं आहे. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड करून, अटी पुऱ्या केल्या तर, डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. डिप्लोमा करून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वाटेत कुठंही थांबलं तरी हातात कमाईचं कसब राहतं. चार वर्षांची डिग्री तिसऱ्या वर्षी सोडली, तर त्या मानानं हातात फार थोडं उरतं. ज्याच्या घरी पाण्याचा आणि पैशाचा भरवसा कमी, त्यानं ही शिडी नीट पाहावी.

पाचवा रकाना, एका तुकड्यात लावून पाहणं. हे आता फुकट होतं. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवर, २०१७ पासून, कॉम्प्युटरपासून यंत्रशास्त्रापर्यंतचे पाठ विनामूल्य ऐकता येतात. बारावीच्या सुट्टीत चार आठवडे रोज दोन तास बसून पाहावं. चूक सापडत नसताना रात्री उठून पुन्हा त्याच ओळींना भिडावंसं वाटलं, तर ते पोर त्या कामाचं. आठव्या दिवशी कंटाळा आला, तर तेही पुष्कळ कळलं, आणि तेही एक रुपया न खर्चता.

आता घरच्याच धंद्याकडे पाहू. साखर कारखाना म्हणजे बॉयलर, टर्बाईन, पॅन, वीजनिर्मिती, उपकरणशास्त्र आणि प्रयोगशाळा. हे सगळं तंत्रज्ञानच आहे, पण आपली पोरं कारखान्यात येतात ती फक्त उसाच्या ट्रॉलीवर बसून. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून आहे, कानपूरला राष्ट्रीय शर्करा संस्था १९३६ पासून. साखर आणि मद्यार्क तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम तिथं चालतात. किती सभासदांच्या वहीत त्यांचं पान आहे? बारामतीला तर कृषी विकास ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या मदतीनं उसाच्या शेतात एआय आणून दाखवलं. उपग्रह, जमिनीतले सेन्सर आणि हवामान यांची माहिती जुळवून पाणी-खताचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो. असल्या कामाला नुसतं कॉम्प्युटर येणारा पुरत नाही. जमीन वाफशावर आली हे ज्याला डोळ्यांनी कळतं, असा कॉम्प्युटरवाला लागतो. तो आपल्याच घरात वाढतो आहे.

म्हणून कारखान्याकडे दोन मागण्या. एक, वर्षातून दोन दिवस दहावी-बारावीच्या मुलामुलींना कारखाना दाखवावा. एक दिवस गळितात, यंत्र चालताना, आणि एक दिवस ओव्हरहॉलिंगच्या काळात, यंत्र उघडलेलं असताना. मुख्य अभियंता आणि चीफ केमिस्ट यांनी तासभर त्यांच्याशी बोलावं. दोन, प्रत्येक गट कार्यालयात एक रजिस्टर ठेवावं. सभासदांची जी मुलं शिकून बाहेर गेली, त्यांनी काय शिकलं, किती खर्च आला, काम मिळायला किती महिने गेले आणि आज काय करतात, हे त्यात लिहावं. नावं नसली तरी चालतील. ज्यांचं जमलं त्यांचंही लिहावं आणि ज्यांनी मध्येच सोडलं त्यांचंही, कारण खरं शहाणपण दुसऱ्याकडूनच मिळतं. दोन हंगामांत हे रजिस्टर कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोलाचं होईल. वार्षिक सभेत उसाच्या भावावर आपण जोरानं बोलतो, तिथं या दोन मागण्यांनाही आवाज मिळावा.

रजिस्टर व्हायचं तेव्हा होईल. दिवाळीला पुण्या-हैदराबादची पोरं घरी येतातच. एक वर्ष नोकरी झालेला एक, पाच वर्षं झालेला एक आणि सोडून आलेला एक, अशा तिघांना आपल्या पोरानं गाठावं, आणि पगाराच्या आधी त्यांना एवढं विचारावं : "दादा, पुन्हा बारावीत असता तर हेच घेतलं असतं का?" उत्तर काय येतं ते वहीत लिहून घ्यावं, आणि अर्ज त्यानंतर भरावा.