गयेच्या डोंगरातील दप्तर

वाचकहो, शिक्षकाच्या आयुष्यात मे महिन्याची सुटी ही एकच काय ती चैन. आणि तीही बहुधा घर शाकारणे, भावकीतील लग्ने आणि जूनच्या पटनोंदणीची चिंता यांत संपून जाते. गेल्या मे महिन्यात मात्र माझ्या या नेमात खंड पडला. माझा भाचा कोरियातील दैगू या शहरी एका विद्यापीठात संशोधन करतो. "मामा, तीस वर्षे पोरांना नकाशावर काठी ठेवून देश दाखवलेत, एकदा तरी त्या काठीच्या टोकाशी येऊन पाहा," असे तो दोन वर्षे फोनवरून ऐकवीत होता. अखेर त्याच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, लाडवांचा डबा माझ्या हाती सोपवला आणि मला जाणे भाग पडले.

तिथे काढलेल्या पंधरवड्यातील एकाच दिवसाविषयी आज लिहिणार आहे. राजधानीतील उंच इमारती पाहिल्या, आगगाडीचा वेग अनुभवला. पण त्यांची वर्णने इतरांनी पुष्कळ केली आहेत. त्या एका दिवसाचा संबंध मात्र आमच्या शाळेतील एका कपाटाशी आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

सकाळी लवकर आम्ही दैगूच्या पश्चिमेकडील स्थानकावरून हेइनसा येथे जाणारी बस धरली. शहर मागे पडले आणि भातखाचरे सुरू झाली. लावणीसाठी पाणी भरून ठेवलेली ती चौकोनी खाचरे, बांधावर वाकलेली म्हातारी माणसे, कडेला लसणीच्या आणि कांद्याच्या ओळी. क्षणभर मला खानापूरच्या वाटेवर असल्याचा भास झाला. शेतांत तरुण मनुष्य मात्र एकही दिसला नाही. भाचा म्हणाला, "इथेही तेच मामा. पोरे शहरात, आणि शेत आजोबांच्या गळ्यात."

पहिला मुक्काम गोर्योंग या गावी. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत कोरियाच्या दक्षिण भागात गया नावाची लहान लहान राज्ये होती. त्यांपैकी 'देगया', म्हणजे थोरली गया, हिची राजधानी हे गाव. शेजारच्या सिल्ला राज्याने ५६२ साली ते राज्य जिंकले आणि गयेचे नाव राजकारणातून पुसले गेले. उरली ती डोंगराच्या कण्यावर ओळीने बसलेली राजांची थडगी. गवताने झाकलेले गोल उंचवटे पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढत गेलेले दिसतात. सातशेंहून अधिक थडगी या एका टेकडीवर आहेत. २०२३ साली गया राज्यांच्या सात ठिकाणच्या थडग्यांना जागतिक वारशात स्थान मिळाले, त्यांतील हे एक.

पायथ्याशी एका थडग्याची आतील रचना खऱ्या आकारात उभारून दाखविली आहे. ४४ क्रमांकाचे हे थडगे १९७७ साली उकरले गेले. मधोमध राजाचा दगडी कोष आणि त्याच्या भोवती लहान लहान दगडी खाणी. त्यांत राजाबरोबर पुरलेली तिसाहून अधिक माणसे. स्वामी गेला म्हणून सेवकांनीही जायचे! आपल्याकडील सतीशिळा आठवल्या आणि दुसऱ्या देशाला नावे ठेवण्याची जीभ आवरली. बाहेर आलो तेव्हा बालवाडीची पोरे पिवळ्या टोप्या घालून त्याच उंचवट्यांच्या पायवाटेने एकमेकांचा हात धरून चालली होती. त्यांच्या बाई मागून ओरडत होत्या. भाषा कळली नाही, पण अर्थ अक्षरशः कळला.

तेथून पुढची बस डोंगरात शिरते. या डोंगराचे नाव गयासान. 'सान' म्हणजे पर्वत. "मामा, ही आपली गयाच ना?" भाच्याने विचारले. मी म्हटले, "अरे, नावावरून नाते लावण्याची घाई करू नये. जवळच्या गया राज्यावरून नाव पडले असे एक मत, आणि बुद्धाला जिथे बोध झाला त्या गयेवरून पडले असे दुसरे." दोन्ही मते तेथील लोक आनंदाने सांगतात. आपल्या देशातील नाव चौदाशे मीटर उंचीच्या परक्या डोंगरावर ऐकताना मास्तरकीचा संयम थोडा सुटतो, हे मात्र कबूल करतो.

डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या ओढ्याच्या खोऱ्याला होंग्न्युदोंग म्हणतात; लाल प्रवाहाचे खोरे. शरद ऋतूत मेपलची पाने तांबडी होऊन पाण्यात त्यांचे प्रतिबिंब पडते, म्हणून हे नाव. आम्ही गेलो तेव्हा सारे पोपटी हिरवे होते. मोठमोठ्या धोंड्यांवरून पाणी इतक्या जोराने आदळत होते की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागे. नवव्या शतकातील छ्वे ची-वॉन हा विद्वान येथेच येऊन राहिला. बाराव्या वर्षी शिक्षणासाठी चीनला गेला, तेथील राजपरीक्षा उत्तीर्ण झाला, परत येऊन राज्यकारभार सुधारण्याची धडपड केली आणि कोणी ऐकेना तेव्हा कुटुंबासह या डोंगरात निघून आला. एके दिवशी पायांतील जोडे आणि टोपी रानात ठेवून तो नाहीसा झाला, अशी दंतकथा आहे. वरिष्ठांना सुधारणांचे कागद पाठवून कंटाळलेल्या कोणाही मुख्याध्यापकाला या गृहस्थाविषयी आपुलकी वाटावी!

दुपारी देवळाच्या अलीकडच्या एका खाणावळीत जेवलो. भाच्याने आधीच बजावून सामिष पदार्थ वगळायला लावले होते. भात, त्यावर सात-आठ प्रकारच्या रानभाज्या, तिळाचे तेल आणि लाल मिरचीचे वाटण. हे सारे कालवून खायचे. पावसाळ्याच्या तोंडाला आमच्याकडे टाकळा आणि कुर्डू येतात त्यांची चव जिभेवर आली. मालकीणबाईंनी मी भात हाताने कालवतो की काय हे कुतूहलाने पाहिले, आणि मी चमचा उचलल्यावर त्यांची किंचित निराशा झाली असावी.

आता हेइनसा. ८०२ साली स्थापन झालेले हे बौद्ध मंदिर. 'हेइन' म्हणजे सागरमुद्रा: वारा थांबल्यावर शांत समुद्रात जसे सारे विश्व उमटते, तशी चित्ताची अवस्था, अवतंसक सूत्रातील ही कल्पना. बुद्धजयंतीचा सण नुकताच होऊन गेला होता, त्यामुळे अंगणभर रंगीत कागदी कंदील अजून टांगलेले होते. पायऱ्या चढत, एकामागून एक द्वारे ओलांडीत आपण सर्वांत वर पोचतो. मुख्य बुद्धमूर्तीच्याही मागे, तिच्याहून उंचावर, दोन लांबलचक साध्या इमारती आहेत. मूर्तीच्या डोक्यावर ग्रंथ! याच इमारतींत संपूर्ण त्रिपिटक लाकडी फळ्यांवर कोरून ठेवले आहे.

त्यामागचा इतिहास असा. अकराव्या शतकात कोर्यो राजवंशाने पहिल्यांदा हे काम करविले होते. ते साहित्य १२३२ साली मंगोलांच्या स्वारीत जळाले. राजदरबार गांगह्वा नावाच्या बेटावर पळून गेला होता आणि मुलूख लुटला जात होता. अशा वेळी १२३६ साली पुन्हा आरंभ केला आणि १२५१ साली ते पुरे झाले. शत्रू दाराशी असताना पंधरा वर्षे अक्षरे कोरीत बसणाऱ्यांना व्यवहारी माणूस काय म्हणेल? बुद्धाच्या कृपेने शत्रू हटेल अशी त्यांची श्रद्धा होती. शत्रू काही हटला नाही. १२५९ साली कोर्योला मंगोलांपुढे नमते घ्यावे लागले. फळ्या मात्र राहिल्या.

प्रसिद्ध आकडा ८१,२५८ फळ्यांचा आहे. प्रत्येक फळी दोन्ही बाजूंनी कोरलेली, बाजूस २३ ओळी, ओळीस १४ अक्षरे. मी तिथल्या तिथे वहीत गुणाकार केला: पाच कोटी तेवीस लाखांहून अधिक अक्षरे. प्रत्येक ओळ भरलेलीच असते असे नाही, म्हणून थोडे खाली धरा. आणि ही अक्षरे उलटी कोरायची, म्हणजे कागदावर सुलटी उमटतात. पुष्कळ हात लागले असतील, पण वळण एकाच हाताचे वाटावे इतके सारखे. मिरजेला १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली, तिचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. इथे तर सारे पिटक.

आम्ही हे गजांआडून पाहिले. अंधूक उजेडात काळसर फळ्या ग्रंथांसारख्या उभ्या रचलेल्या. माझ्या मनात मात्र दुसरेच काही चालले होते. या संग्रहात ह्युएन त्संगचा भारत-प्रवासवृत्तांतही आहे. ६४१ च्या सुमारास तो आपल्या मुलखात आला होता. त्याच्या ग्रंथाच्या अकराव्या खंडात महाराष्ट्राचे प्रकरण आहे: उपकार न विसरणारी आणि अपमानही न विसरणारी माणसे, सूड घेण्याआधी शत्रूला सूचना देण्याची रीत, हर्षालाही न नमलेला पुलकेशी. सातवी-आठवीच्या वर्गांत मी हे किती वेळा सांगितले असेल! ते शब्द तेराव्या शतकातील कोण्या कोरियन कारागिराने, महाराष्ट्र कोठे आहे हे ठाऊक नसता, उलट्या चिनी अक्षरांत कोरले, आणि ते माझ्यापासून काही हातांवर होते. भाच्याला सांगितले तर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कुठल्या कपाटात असेल, मामा?"

कपाट! त्या शब्दाने मी भानावर आलो. पण आधी या इमारतीविषयी सांगितले पाहिजे. आत दिवा नाही, यंत्र नाही. समोरच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान. मागच्या भिंतीत याच्या उलट. त्यामुळे वारा खालून शिरतो, फळ्यांमधून फिरतो आणि मागच्या वरच्या खिडक्यांतून निघून जातो. जमिनीत कोळसा, चुना, मीठ आणि माती यांचे थर आहेत, ते दमटपणा शोषतात. प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांना फळीहून जाड पट्ट्या बसविल्या आहेत, म्हणून कोरलेले अंग एकमेकांस लागत नाही आणि मधून हवा खेळते. मंदिराच्या इतर इमारती अनेकदा जळाल्या. या दोन वाचल्या. १९५१ च्या युद्धात डोंगरात लपलेल्या शत्रूवर बाँब टाकण्याचा हुकूम झाला, तेव्हा किम योंग-ह्वान या वैमानिक अधिकाऱ्याने तो पाळला नाही. १९५४ साली विमान अपघातात तो गेला. सरकारने मरणोत्तर सन्मान केला तो २०१० साली.

आणि आता माझ्या मर्मावरची गोष्ट. १९७० नंतरच्या दशकात सरकारने या फळ्यांसाठी नवे, आधुनिक, बंदिस्त भांडार बांधविले. परीक्षेसाठी काही फळ्या त्यात ठेवल्या, तर त्या बिघडू लागल्या. फळ्या मुकाट्याने परत जुन्या जागी आल्या आणि नवी इमारत भिक्षूंच्या ध्यानासाठी दिली.

सहा वर्षांपूर्वी मी या शाळेत रुजू झालो, तेव्हा कार्यालयाच्या फळीवर जुनी दाखल-रजिस्टरे उघडी पडलेली होती. पहिल्या महायुद्धाच्याही आधीपासूनची. पहिली दोन मोडीत लिहिलेली. गावातील कित्येकांच्या पणजोबांचे नाव आणि जन्मतारीख दुसरीकडे कोठेही नाही. मी मोठ्या काळजीने ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातली, नवे लोखंडी कपाट घेतले, कुलूप लावले आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. जुना शिपाई म्हणाला होता, "सर, वारं लागू दे की त्यास्नी." मी त्याला स्वच्छतेवर चार शब्द ऐकवले. आमच्याकडचा पाऊस वाचकांना सांगायला नको. तीन पावसाळ्यांनंतर एका वृद्ध गृहस्थांना दाखला हवा म्हणून कपाट उघडले, तेव्हा पाने एकमेकांस चिकटून बुरशीने काळी झाली होती. त्या गृहस्थांना मी "नोंद सापडत नाही" असे सांगितले. खरे ते सांगितले नाही. पिशव्या परत कपाटात ठेवल्या आणि पुन्हा त्यांकडे पाहिलेही नाही.

गयासानच्या त्या खिडकीपाशी मी भाच्याला हे प्रथमच सांगितले. परतीच्या बसमध्ये त्याने चुलतमामाच्या घरच्या माळ्यावरील रुमालांची चौकशी केली, इतकेच.

जूनमध्ये शाळा उघडताच त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी जाऊन आलो. त्यांनी चहा दिला आणि काहीच बोलले नाहीत. सुताराकडून पट्ट्यांची, मागून उघडी अशी मांडणी करून घेतली आहे. शिपाई आता निवृत्त झाला असला तरी त्याला बोलावून खिडकीची जागा त्यालाच ठरवू दिली. पिशव्यांतली रजिस्टरे बाहेर काढली असून सावलीत एकेक पान पातळ सुरीने सोडविण्याचे काम चालू आहे; पहिल्या रजिस्टराची साठ पाने सुटली, त्यांतली चाळीस वाचण्याजोगी आहेत. माझी मोडी परीक्षेपुरती होती आणि आता तीही गंजली आहे. बेळगाव-खानापूरच्या बाजूस ज्यांना मोडी सफाईने वाचता येते, अशा वाचकांनी संपादकांच्या पत्त्यावर कळवावे. जाण्यायेण्याचा खर्च मी देईन.